मुलांची कुस्ती : तिचे प्रकार आणि तिचे नियम



या व्यासपीठावरून विद्वान माणसे बोलतात. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते जिनिंगच्या फाटकाशी, वाचनालयाच्या बाकावर आणि कायद्याच्या जुन्या पुस्तकांतून शिकलो. आज जवळजवळ तीस वर्षे कापसाच्या कारखान्यांतले मजूर आणि बाजारातले हमाल यांची संघटना बांधण्याचे काम आम्ही करीत आहो. तेव्हा या माणसाने कुस्तीवर काय म्हणून बोलावे, असे कोणाच्या मनात आले तर ते चूक नाही. त्याला आमचे उत्तर असे की, आमच्या हमालांपैकी कितीतरी जणांनी लहानपणी आखाड्याची माती अंगाला लावलेली आहे, आम्हीही लावली आहे. आणि आता त्यांची मुले, व मुलीसुद्धा, तिकडे जाऊ लागली आहेत. त्या मुलांसाठी हा विषय आम्ही मागून घेतला.

प्रथम एक कबुली देतो. वीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावी दंगल होती. जोडी लावण्याचे काम गावकऱ्यांनी मानाने आमच्याकडे दिले. जोडी कशी लावतात ते आपण पाहिले आहे. दोन पोरे समोरासमोर उभी करावयाची, खांद्याला खांदा लावून उंची पाहावयाची, दंडाला हात लावून अंदाज घ्यावयाचा, आणि ‘लागली जोड’ असे म्हणावयाचे. आम्ही तशीच एक जोड लावली. उंची सारखी होती. पण एक मुलगा बारा वर्षांचा होता आणि दुसरा पंधरा पूर्ण केलेला. दुसऱ्या मिनिटाला लहानग्याच्या गळपट्टीचे हाड मोडले. संध्याकाळी त्याची आई आमच्या दारी आली. ती रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, “भाऊ, त्याले तं मिसा फुटल्या होत्या. माह्या पोराले काहून उतरवलं त्याच्यासंगं?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढल्यावाचून आम्ही भाव बोलू देत नव्हतो, वजनात किलोभर खोट निघाली तर काम बंद पाडीत होतो, त्याच बाजारापासून चार कोसांवर पोटची पोरे आम्ही नजरेने तोलली होती. त्या दिवसापासून कुस्तीच्या नियमांचा आम्ही अभ्यास धरला. तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कुस्ती म्हटली की आपल्याकडे दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक मातीची, दुसरी गादीची. पश्चिम महाराष्ट्रात जिला तालीम म्हणतात, तिला आपण आखाडा म्हणतो. आखाड्याची माती म्हणजे शेतातून आणून टाकलेली माती नव्हे. आपली काळी कपाशीची जमीन ओली झाली की चिकटते आणि वाळली की तिची ढेकळे होतात. ती अंगाला सोसत नाही. चाळलेली तांबडी माती घ्यावयाची, तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालावयाचे, रोज खोऱ्याने उकरून भुसभुशीत ठेवावयाची, तेव्हा ती पडणाऱ्याला झेलते. या मातीच्या कुस्तीला मोठी परंपरा आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरास बांधलेले खासबाग मैदान १९१२ सालचे. हजारो माणसे एका वेळी बसून एकच जोड पाहतील अशी त्याची रचना आहे. आपल्या वऱ्हाडात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये निघाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे आपले देशी खेळ करून दाखविले. तेव्हा हे काही दूरच्या जिल्ह्याचे वैभव आहे असे नव्हे.

मातीच्या कुस्तीचा नियम थोडक्यात सांगता येतो. सलामी द्यावी, माती हाताला लावावी, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावावी. चितपट झाली की कुस्ती निकाली. गुण नाहीत, पूर्वी वेळेचाही बंध नसे. नुसत्या ताकदीचा हा खेळ नव्हे. त्यात दम लागतो, डोके लागते. पण त्यात एक उणीव होती, आणि ती जगभर होती. समोरचा लढेचना, तर काय करावे?

दोन गोष्टी सांगतो. १९१० साली लंडनमध्ये आपला गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गेला, निकाल लागला नाही, कुस्ती बरोबरीत सोडावी लागली. दुसरी गोष्ट १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकची. रशियातर्फे उतरलेला एस्टोनियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा असिकाइनेन यांची उपान्त्य कुस्ती अकरा तास चाळीस मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण तो इतका गळून गेला की अंतिम कुस्तीस उभाच राहू शकला नाही, आणि सुवर्णपदक लढल्यावाचून दुसऱ्याकडे गेले.

अकरा तास चाळीस मिनिटे! हा आकडा वाचला तेव्हा आम्हांला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. तेथेही माणूस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभा असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून अर्ज-विनंत्या चालविल्या, तेव्हा कोठे १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. कामाला वेळेची हद्द हवी हे जसे माणसे गळून पडल्यावर मालकांना कळले, तसेच ते कुस्तीच्या पंचांनाही कळले. आज गादीवरच्या कुस्तीत घड्याळ असते ते त्यामुळे. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. त्यावरील वयाची तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. आणि जो नुसताच अंग चोरतो, त्याला फ्रीस्टाइलमध्ये पंच आधी समज देतात. दुसऱ्यांदा तसे झाले तर तीस सेकंदांची मुदत देतात. तेवढ्यात कोणीच गुण मिळविला नाही तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो.

आता प्रकार पाहू. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आज मुख्य प्रकार तीन. पहिला फ्रीस्टाइल. यात सर्व अंगाला धरता येते, पायांचा उपयोग करता येतो. आपल्या मातीच्या कुस्तीला हाच प्रकार जवळचा. एकेरी पट, दुहेरी पट, टांग, कलाजंग हे सगळे डाव येथे चालतात. दुसरा ग्रीको-रोमन. यात कमरेच्या खाली धरावयाचे नाही आणि पाय अडकवून पाडावयाचे नाही. म्हणजे पट गेला, टांग गेली, मांडीत हात घालून उचलण्याची कलाजंगही गेली. उरले ते छाती, खांदे आणि हात यांचे काम. ज्याची ढाक पक्की आहे, ज्याला खांद्यावरून धोबीपछाड मारता येते, त्याला हा प्रकार मानवतो. फक्त पाय मध्ये घालण्याची सवय त्याने मोडली पाहिजे. तिसरा प्रकार महिलांच्या कुस्तीचा. त्याचे नियम बहुतेक फ्रीस्टाइलचेच. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आहे, आणि आपल्या राज्यात महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा २०२३ साली सांगलीस झाली. ‘पोरींचे आखाड्यात काय काम’ असे म्हणणारांनी ही दोन साले ध्यानात ठेवावीत.

आता गुण कसे मोजतात ते सांगतो, कारण येथेच प्रेक्षकांचा गोंधळ उडतो आणि भांडणे लागतात. गादीवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ असते. त्याच्या कडेचा एक मीटरचा पट्टा वेगळ्या रंगाचा. तो धोक्याची सूचना देतो. एकाचा पोशाख तांबडा, दुसऱ्याचा निळा. पंच तीन : एक गादीवर शिटी घेऊन, एक बाजूला, एक मेजावर अध्यक्ष म्हणून. कोणताही गुण एकट्याच्या मर्जीवर मिळत नाही. तिघांपैकी दोघांचे एकमत लागते. आम्हांला ही व्यवस्था फार आवडते.

प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्या पाठीमागून ताबा घेतला की दोन गुण. खाली असलेल्याची पाठ गादीकडे वळविली, म्हणजे तो धोक्याच्या अवस्थेत आला, तर दोन गुण. पाठीमागून कमरेला मिठी मारून त्याला फिरविण्याचा भारंदाज हा डाव आपल्या मुलांना ठाऊक आहे. त्याचे हे दोन गुण. उभ्याने उचलून थेट पाठीच्या बाजूवर आणले तर चार. आणि डोक्यावरून मोठ्या झेपेने फेकले तर पाच. खालच्याने उलटून वरचा ताबा घेतला तर एक. प्रतिस्पर्ध्याचे पाऊल वर्तुळाबाहेर घालविले तर एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली, अथवा ग्रीको-रोमनमध्ये आठांची, की कुस्ती तेथेच थांबते. आणि दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकवून धरले, तर गुण कितीही असोत, कुस्ती चितपट. मातीतला जुना न्याय गादीवरही कायम आहे.

गुण सारखे झाले तर काय? तर ज्याने अधिक गुणांचा डाव मारला तो पुढे. तेथेही बरोबरी झाली तर ज्याला ताकिदी कमी तो. तेही सारखे असेल तर ज्याने शेवटचा गुण घेतला तो. पंचांचा निर्णय पटला नाही तर कोपऱ्यातला शिक्षक दाद मागू शकतो. मग चित्रफीत पाहतात. दाद खोटी ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे तक्रारीला दार आहे, पण खोट्या तक्रारीला किंमत मोजावी लागते. २०२५ साली अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी खांदे टेकले की नाही यावरून वाद झाला आणि पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. त्यात सामील असलेल्यांवर तीन वर्षांची बंदी आली. कोणाचे खरे होते तो प्रश्न आम्ही येथे काढीत नाही. पण संपात ज्याने दगड उचलला त्याची मागणी खरी असली तरी ती त्या दिवशी बुडते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

आता मुख्य गोष्ट, वय आणि वजन. आंतरराष्ट्रीय नियमांत पंधरा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, वीस वर्षांखालील असे गट आहेत. आपल्या शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस असे. पंधराच्या गटात चौदा-पंधरा वर्षांची मुले खेळतात. तेरा वर्षांच्या मुलाला उतरवावयाचे असेल तर डॉक्टरांचा दाखला आणि आईबापांची लेखी संमती, दोन्ही लागतात. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांला १९४८ चा कारखाना कायदा आठवला. त्यातही चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात घेण्यास बंदी होती, आणि त्यावरील किशोराला डॉक्टरांचा पात्रतेचा दाखला लागत असे. वाढते हाड हे मोठ्या माणसाचे हाड नव्हे, ही एकच गोष्ट दोन्ही ठिकाणी मानलेली आहे.

वयाच्या प्रत्येक गटात पुन्हा वजनाचे दहा गट. पंधराखालील मुलांत पहिला गट ३४ ते ३८ किलोंचा, नंतर ४१, ४४, ४८ असे करीत ८५ पर्यंत. सतराखालील मुलांत ४१ ते ४५ पासून ११० पर्यंत. त्याच वयाच्या मुलींत ३६ ते ४० पासून ७३ पर्यंत. खालचे गट पाहा : तीन-तीन, चार-चार किलोंचे अंतर. हलक्या मुलाला तीन किलोंचा फरक किती जड जातो, हे नियम करणारांना ठाऊक होते. आम्हांला त्या दंगलीच्या दिवशी ठाऊक नव्हते.

पण वजनगटाच्या मागे एक नवा रोग येतो. खालच्या गटात बसावे म्हणून मुलांना उपाशी ठेवतात, पाणी तोडतात, घोंगडी पांघरून पळवितात. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अशा वजन उतरविण्याच्या नादात महाविद्यालयांतले तीन कुस्तीगीर मरण पावले, तेव्हा तेथले नियम बदलले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट पन्नास किलोंच्या गटात अंतिम कुस्तीपर्यंत पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन सुमारे शंभर ग्रॅम अधिक भरले आणि ती बाद झाली. रात्रभर तिने घाम गाळला होता. ती जाणती बाई होती, डॉक्टर तिच्या सोबत होते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात तेरा-चौदा वर्षांच्या पोराचे पाणी तोडणे म्हणजे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मुलाने आपल्या स्वाभाविक वजनातच लढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाढत्या वयात वजन वाढणे हा गुन्हा नव्हे.

मनाई केलेल्या पकडी प्रत्येक आईबापाने पाठ कराव्यात. केस व कान ओढणे, चिमटा, चावा, बोटे पिरगाळणे, गळा दाबणे, हात काटकोनापलीकडे मुरगाळणे हे सर्वांनाच मना. लहान गटांत आणखी एक बंदी आहे : दोन्ही हातांनी मानेवर दाब देणारी, जिला दुहेरी नेल्सन म्हणतात, ती पकड समोरून अगर बाजूने घालावयाची नाही. मान एकदा दुखावली की शेती गेली, हमाली गेली, सारे आयुष्य गेले.

आमचे काही जुने वस्ताद म्हणतात, “नियमांनी कुस्ती मेली, पोरे आता घड्याळाकडे पाहून लढतात.” यात काही तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. एका गुणाने पुढे असलेला मुलगा शेवटचे अर्धे मिनिट पळत राहतो, तेव्हा आमचाही जीव कासावीस होतो. निकाली कुस्तीची ती धग गादीवर थोडी कमी झाली आहे. पण वस्तादांना आम्ही विचारतो : सलामी हा नियम नव्हे काय? खाली पडलेल्याला मारू नये, हा नियम नव्हे काय? नियम आपल्या मातीतही होते. ते लिहिलेले नव्हते, म्हणून ते वस्तादाच्या नेकीवर चालत. नेक वस्ताद असला तर पोर सुखरूप. नसला तर?

याच संदर्भात खाशाबा जाधव यांची गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाता येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचा हा मातीतला मल्ल. १९४८ साली लंडनला सहावा आला. गादीची आणि तिच्या नियमांची खरी ओळख त्याला तेथे झाली. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला, गावोगावच्या वर्गणीवर आणि ज्यांनी आपले घर गहाण टाकले अशा प्राचार्य खर्डेकरांसारख्यांच्या मदतीवर तो गेला आणि सत्तावन्न किलोंच्या गटात त्याने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्या दिवसाची हकीकत अशी सांगतात की, जपानच्या इशीशी दीर्घ लढत देऊन तो दमलेला असताना त्याला लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे केले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो बोलून दाखवील असा आपला एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबा लढला आणि हरला.

नियम पुस्तकात होता, श्रोतेहो. तो त्याच्या बाजूचा होता. त्याच्याकरिता बोलणारे माणूस तेवढे नव्हते. आमच्या तीस वर्षांच्या कामाचे सार यात आले आहे. ओव्हरटाइमचा दर कायद्यात असतो. पण मजुराला तो ठाऊक नसला आणि त्याच्यातर्फे उभे राहणारे कोणी नसले, तर त्या कायद्याचा कागद आणि रद्दी यांत फरक नाही. २०२३ साली देशातले नामांकित कुस्तीगीर, त्यांत ऑलिंपिकचे पदकवीर, दिल्लीला जंतरमंतरवर धरणे धरून बसले. मुलींच्या छळाची तक्रार होती. पदक मिळविलेल्यांना जर आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून रस्त्यावर बसावे लागते, तर आपल्या गावातल्या बारा वर्षांच्या पोरीने कोणाकडे जावे?

म्हणून आम्ही तीन-चार साध्या गोष्टी मागतो. त्यांना पैसा फारसा लागत नाही. आपल्या तालुक्यात जेथे दंगल होईल तेथे आखाड्याच्या दाराशी एक वजनकाटा असावा आणि जन्माचा दाखला पाहिल्यावाचून कोणतेही मूल आत जाऊ नये. पाण्याचा माठ आणि हाडाची, मानेची दुखापत ओळखणारे एक माणूस जवळ असावे. मुली जेथे शिकतात तेथे एक जाणती बाई हजर असावी, आणि तक्रार कोणाकडे करावयाची ते नाव भिंतीवर लिहिलेले असावे. आणि प्रत्येक मुलाला पहिला डाव शिकविण्यापूर्वी ‘थांबा’ हा शब्द शिकवावा. दुखले तर थांबा म्हणण्यात भित्रेपणा नाही, हे त्याला वस्तादाने सर्वांदेखत सांगावे.

ते गळपट्टी मोडलेले पोर बरे झाले. आज तो बाजारात मापाडी आहे. दिवसभर काट्यापाशी उभा असतो. आखाड्यात तो पुन्हा कधी आला नाही. त्याच्या अंगात पट काढण्याची चपळाई होती ती आम्ही पाहिली होती, म्हणून तर आम्ही त्याला उतरविले. त्याची आई अजून आम्हांला भेटते, ‘भाऊ’ म्हणूनच बोलते. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही. आज या व्यासपीठावरून जे सांगितले ते तिलाच दिलेले उशिराचे उत्तर समजावे.